शेतीतला हिशेब : जे बदलले नाही, ते आधी धरा



या सदराकडे आलेली दोन पत्रे आज एकत्र घेतो आहे. पहिले पत्र एका ताईंचे. त्यांची मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते आहे. ताई लिहितात, "गुणोत्तराची साधी गणिते तिला येतात. पण 'इतके आले, इतके गेले, आता गुणोत्तर इतके झाले' असे म्हटले की ती पेन्सिल खाली ठेवते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी तिला काय सांगू?"

दुसरे पत्र एका शेतकरी बंधूंचे. त्यांच्या गोठ्यात सारख्या मापाची १२ जनावरे आणि त्यांना ९० दिवस पुरेल एवढी कडब्याची गंजी. ३० दिवस झाल्यावर मेहुण्यांची ३ जनावरे सांभाळायला आली. "उरलेला कडबा किती दिवस पुरेल? मी म्हणतो ४५ दिवस, मुलगा म्हणतो ४२ आणि वडील म्हणतात ४८. कोणाचे खरे?"

एक पत्र शाळेचे, दुसरे गोठ्याचे. पण दोन्ही ठिकाणी अडचण एकच आहे. गट बदलला की माणूस बदललेल्या आकड्यामागे धावतो. खरे तर उलट करावे. जे बदलले नाही, ते आधी धरावे. तो खुंटा एकदा पक्का रोवला की बाकीचे गणित त्याच्याभोवती आपोआप फिरते.

वाटे निराळे, डोकी निराळी

आधी एक गैरसमज दूर करू. एखाद्या टोळीत गडी आणि बाया यांचे गुणोत्तर ३:५ आहे, याचा अर्थ तीन गडी आणि पाच बाया असा नव्हे. ६ आणि १० असतील, १२ आणि २० असतील, ३० आणि ५० सुद्धा असतील. ३ आणि ५ हे वाटे आहेत. एका वाट्यात किती डोकी, हे गणित सांगत नाही. तेच आपल्याला शोधायचे असते.

मुलांची चूक इथेच होते. "आणखी ४ बाया आल्या" असे वाचले की ती ५ मध्ये ४ मिळवतात आणि ३:९ लिहून मोकळी होतात. हे म्हणजे पाच पोत्यांत चार किलो मिळवून नऊ पोती म्हणण्यासारखे झाले. वाट्यात वाटेच मिळवावेत, डोक्यात डोकीच. एका वाट्यात किती डोकी आहेत हे कळेपर्यंत दोन्हींची गाठ घालू नये.

आता बदल किती प्रकारचे होतात ते पाहू. एकच बाजू बदलते आणि दुसरी तशीच राहते. किंवा इकडचे तिकडे जातात, पण एकूण बेरीज तीच राहते. किंवा दोन्हीकडे सारखी भर पडते आणि दोहोंतला फरक तोच राहतो. बहुतेक गणिते या तीन घरांत बसतात.

एक बाजू तशीच : पपईची बाग

वॉशिंग्टन किंवा को-२ या जातींच्या पपईत नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात. रोप लहान असताना ती ओळखता येत नाहीत. फुले आली की ओळखू येतात. नराची फुले लांब, लोंबत्या दांड्यावर झुपक्याने येतात आणि मादीची खोडालगत येतात. परागासाठी दर दहा मादी झाडांमागे साधारण एक नर झाड पुरते. जादा नर झाडे नुसते खत-पाणी खातात, म्हणून ती काढून टाकायची.

आता गणित ऐका. एका बागेत मादी आणि नर झाडांचे गुणोत्तर ५:४ होते. १७५ नर झाडे काढल्यावर ते १०:१ झाले. तर बागेत मुळात झाडे किती?

काय बदलले नाही? मादी झाडे. त्यांना कोणी हात लावला नाही. पण गुणोत्तरात मादीचा आकडा आधी ५ आहे आणि नंतर १०. झाडे तीच असतील तर आकडाही एकच हवा. म्हणून पहिल्या गुणोत्तराला २ ने गुणायचे.

आधी : मादी १०, नर ८
नंतर : मादी १०, नर १

आता दोन्ही ओळींतला वाटा एकाच मापाचा झाला. नरांचे ८ वाटे होते, १ उरला, म्हणजे ७ वाटे गेले. गेलेली झाडे १७५. म्हणून एक वाटा १७५ ÷ ७ = २५ झाडांचा. मादी २५०, नर २००, एकूण ४५० झाडे.

ताळा करून पाहा. २०० मधून १७५ गेली, उरली २५. २५० आणि २५ म्हणजे १०:१. जमले. ताळा केल्याशिवाय पाटी पुसू नये, हे मुलांना पहिल्या दिवसापासून सांगावे.

बेरीज तीच : लावणी आणि खुरपणी

कांदा लावणीला आणि खुरपणीला दोन टोळ्या लागल्या आहेत. लावणीचे आणि खुरपणीचे मजूर ३:१ आहेत. दुपारी लावणीतले ४ मजूर खुरपणीला पाठवले, तेव्हा गुणोत्तर ५:३ झाले. एकूण मजूर किती?

इथे दोन्ही बाजू हलल्या. लावणी घटली, खुरपणी वाढली. मग काय राहिले तसेच? एकूण मजूर. घरी कोणी गेले नाही, बाहेरून कोणी आले नाही. पहिल्या गुणोत्तरात वाट्यांची बेरीज ४ आहे, दुसऱ्यात ८. ती सारखी करायची. ३:१ चे करा ६:२.

आधी : लावणी ६, खुरपणी २, एकूण ८
नंतर : लावणी ५, खुरपणी ३, एकूण ८

लावणीतून एक वाटा गेला, तोच खुरपणीला मिळाला. तो वाटा ४ मजुरांचा. म्हणून एकूण ८ × ४ = ३२ मजूर. आधी २४ आणि ८, नंतर २० आणि १२. ताळा जमतो.

फरक तोच : उसाच्या फडातले कोयते

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, हा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. एका टोळीत गडी आणि बाया ५:४ होते. मुकादमाने आणखी ६ पूर्ण कोयते आणले, तेव्हा गुणोत्तर ८:७ झाले. आधी टोळीत किती माणसे होती?

सहा कोयते म्हणजे सहा गडी आणि सहा बाया. दोन्हीकडे सारखी भर पडली, म्हणून गडी बायांपेक्षा जितके जास्त होते तितकेच जास्त राहिले. पहिल्या गुणोत्तरात फरक १ वाटा, दुसऱ्यातही १. इथे काही गुणावे लागत नाही. गडी ५ वाट्यांचे ८ वाटे झाले. ३ वाटे म्हणजे ६ माणसे, एक वाटा २ माणसांचा. आधी १० गडी आणि ८ बाया, म्हणजे ८ पूर्ण कोयते आणि २ अर्धे. नंतर १६ आणि १४, म्हणजे ८:७.

मुलांच्या पुस्तकातली वयाची गणिते याच घरातली. आई आणि मुलगी यांच्या वयांतला फरक जन्मभर तोच राहतो. आज वये ४:१ आणि ८ वर्षांनी ५:२ असतील, तर फरक दोन्ही वेळा ३ वाटे. एक वाटा वाढला, तो ८ वर्षांचा. आज आई ३२ आणि मुलगी ८. आठ वर्षांनी ४० आणि १६.

गुणोत्तर एकच, हकीकत दोन

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती पुस्तकात फारशी कोणी सांगत नाही, पण शेळ्या पाळणाऱ्या घराला उपयोगाची आहे.

समजा ६० शेळ्यांच्या कळपात रोग शिरला. आजारी आणि निरोगी शेळ्यांचे गुणोत्तर १:३ आहे, म्हणजे १५ आजारी, ४५ निरोगी. नवा रोगी आढळला नाही. आठ दिवसांनी गुणोत्तर १:५ झाले. कोणी म्हणेल, "वा! औषधाला गुण आला." पण थांबा. काय बदलले नाही, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका.

शेळ्या बऱ्या झाल्या असतील, तर एकूण ६० च राहिल्या. १:५ प्रमाणे आजारी १० आणि निरोगी ५०. म्हणजे ५ शेळ्या बऱ्या झाल्या.

पण शेळ्या मेल्या असतील, तर निरोगी ४५ तशाच राहिल्या. १:५ प्रमाणे आजारी ९. म्हणजे ६ शेळ्या दगावल्या.

दोन्ही वेळा गुणोत्तर १:५ च आहे. एका घरात आनंद आहे, दुसऱ्या घरात सहा शेळ्यांचे नुकसान. नुसत्या गुणोत्तरावरून यातले काही कळत नाही. म्हणून कोणी "प्रमाण सुधारले" असे सांगितले की लगेच विचारावे, "दावणीला एकूण डोकी किती उरली?" गावातल्या गोष्टींनाही हेच लागू आहे. ६० पुरुष आणि ४० स्त्रिया असलेल्या वस्तीतून २० पुरुष कामासाठी शहरात गेले, तर स्त्रियांचे प्रमाण निम्मे होते. पण एकही स्त्री वाढलेली नसते.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या बदलल्या तर?

कधी कधी काहीच तसेच राहत नाही. एका कळपात शेळ्या आणि करडे ४:५ होती. बाजाराच्या दिवशी ४ शेळ्या आणि २ करडे विकली. आता गुणोत्तर २:३ झाले. आधी कळप किती होता?

इथे शेळ्या घटल्या, करडे घटली, बेरीज घटली आणि फरकही बदलला. खुंटाच दिसत नाही. अशा वेळी पहिल्या वाट्यालाच खुंटा करायचे. एक वाटा म्हणजे क्ष डोकी धरा. आधी शेळ्या ४क्ष आणि करडे ५क्ष. विक्रीनंतर शेळ्या ४क्ष − ४ आणि करडे ५क्ष − २. हे २:३ आहेत. आता तिरकस गुणाकार करा.

३ × (४क्ष − ४) = २ × (५क्ष − २)
१२क्ष − १२ = १०क्ष − ४
२क्ष = ८, म्हणून क्ष = ४

आधी १६ शेळ्या आणि २० करडे. विक्रीनंतर १२ आणि १८, म्हणजे २:३. ही रीत सगळ्याच गणितांना चालते. पण जिथे खुंटा सापडतो तिथे आधीची रीत सोपी पडते आणि तोंडीही जमते.

आणखी एक लक्षात ठेवा. उत्तर साडेसात शेळ्या आले, तर कुठेतरी चूक आहे. माणसे, जनावरे, झाडे ही पूर्ण आकड्यातच असतात. हा फुकटचा ताळा आहे.

आता कडब्याचे पत्र

शेतकरी बंधूंच्या घरातली तिन्ही उत्तरे तपासू. खुंटा कोणता? जनावरे बदलली, दिवस बदलणार. बदलली नाही ती गंजी. नवीन जनावरे आली त्या दिवशी १२ जनावरांना ६० दिवस पुरेल एवढा कडबा शिल्लक होता. त्याला आपण १२ × ६० = ७२० 'जनावर-दिवस' म्हणू. एक जनावर-दिवस म्हणजे एका जनावराचा एका दिवसाचा चारा. आता खाणारी १५. ७२० ÷ १५ = ४८ दिवस. वडिलांचे उत्तर बरोबर आहे.

मुलाचे ४२ कसे आले? त्याने पहिल्या दिवसापासून १५ जनावरे धरली. १२ × ९० ÷ १५ = ७२ दिवस आणि त्यातून ३० वजा. पण पहिले ३० दिवस १२ च जनावरे खात होती. जी आलीच नव्हती त्यांनी खाल्ले कसे? बदल ज्या दिवशी झाला त्या दिवसापासूनच हिशेब नव्याने मांडावा.

आणि स्वतः बंधूंचे ४५? जनावरे पाव पटीने वाढली, म्हणून त्यांनी दिवस पाव पटीने कमी केले. ही चूक शिकलेले लोकही करतात. १२ ची १५ झाली तर वाढ १२ च्या पाव आहे. पण दिवस घटतात ते पाचव्या हिश्शाने, कारण आता चारा १५ तोंडांत वाटला जातो आणि त्यातली ३ नवी आहेत. १५ मधले ३ म्हणजे पाचवा हिस्सा. ६० चा पाचवा हिस्सा १२, उरले ४८.

आता कामाची गोष्ट. तुमचा बेत ६० दिवसांचा होता आणि कडबा ४८ दिवसांतच संपणार. १२ दिवसांची तूट. १५ जनावरांचे १२ दिवस म्हणजे १८० जनावर-दिवस. एका जनावराला रोज १० किलो कडबा धरला तर १,८०० किलो, म्हणजे १८ क्विंटल. गंमत पाहा, ३ जनावरे ६० दिवस म्हणजेही १८०. पाहुण्या जनावरांनी आपापली शिदोरी आणली असती तर तुमच्या गंजीला धक्का लागला नसता. मेहुण्यांशी बोलताना हा आकडा जवळ असू द्या. आकडा असला की नात्यात शब्दाला शब्द लागत नाही. कडब्याची व्यवस्था आजच करा, ४७ व्या दिवशी नको. तेव्हा भाव तुमच्या हातात राहणार नाही.

पण डोकी मोजताना एक पथ्य पाळा. सर्व डोकी सारखी नसतात. जनावराला दर १०० किलो वजनामागे रोज साधारण अडीच ते तीन किलो शुष्क पदार्थ लागतो. ४०० किलोचा बैल आणि १०० किलोचे वासरू यांना एक-एक मोजले तर हिशेब फसतो. अशी चार वासरे एका बैलाइतके खातात. मेहुण्यांची ३ जनावरे अशी वासरे असतील, तर ती पाऊण जनावराएवढीच. मग ७२० ÷ १२.७५, म्हणजे कडबा ४८ ऐवजी सुमारे ५६ दिवस पुरेल. तेव्हा आधी वजनाचा अंदाज घ्या, मगच भागाकार करा.

एक वाढले की दुसरे घटते, अशा या हिशेबाला व्यस्त त्रैराशिक म्हणतात. ही काही परकी विद्या नव्हे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली, तीत त्रैराशिक, व्यस्त त्रैराशिक आणि पुढे पंचराशिकापासून एकादशराशिकापर्यंत रीती दिल्या आहेत. त्यात बैलाचेही गणित आहे. दोन वर्षे जोखडाला जुंपलेला बैल चार निष्कांना मिळतो, तर सहा वर्षे जुंपलेला कितीला? जनावर राबून जुने झाले की किंमत उतरते, म्हणून हे व्यस्त. उत्तर एक निष्क आणि वर तिसरा हिस्सा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. बैलबाजाराचा हिशेब आपल्याकडे तेव्हापासून शिकवला जातो आहे.

मजुरीची वाटणी

शेवटी ज्या हिशेबावरून बांधावर भांडणे होतात, तो घेऊ. ८ मजुरांनी एक काम उक्ते घेतले. काम आटपेना, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी ४ मजूर येऊन मिळाले. पाचव्या दिवशी संध्याकाळी काम संपले. एकूण रक्कम २०,८०० रुपये. प्रत्येकाला किती?

पुष्कळ ठिकाणी १२ माणसे मोजून सरळ भागाकार करतात. प्रत्येकी सुमारे १,७३३ रुपये. दिसायला न्याय, पण पहिल्या दिवसापासून राबणाऱ्याच्या पदरात कमी पडते. इथे खुंटा काय? एका माणसाच्या एका दिवसाचा दाम. तो सर्वांना सारखा. पहिले ८ जण ५ दिवस, म्हणजे ४० माणूस-दिवस. नंतरचे ४ जण ३ दिवस, म्हणजे १२. एकूण ५२. २०,८०० ÷ ५२ = ४०० रुपये. पहिल्या आठ जणांना प्रत्येकी २,००० आणि नंतरच्या चौघांना प्रत्येकी १,२००. ताळा : १६,००० आणि ४,८०० मिळून २०,८००.

सरळ भागाकारात पहिल्या प्रत्येकाचे सुमारे २६७ रुपये बुडत होते. मजुराच्या घरी ही रक्कम लहान नसते. म्हणून उक्ते काम घेताना एका वहीत रोजची हजेरी लिहावी. आठ दिवसांनी कोण कधी आले यावर वाद घालण्यापेक्षा रोज एक ओळ लिहिणे सोपे.

आणि ही वाटणी करताना गड्याचा एक वाटा आणि बाईचा पाऊण, असली जुनी रीत धरू नका. दोघांनी तेच काम तितकेच दिवस केले, तर वाटा तोच. समान कामाला समान मोबदला हे तत्त्व १९७६ च्या समान वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते घेतलेले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब तेच सांगतो. माणूस-दिवस मोजताना दिवस मोजायचा असतो. राबणारा गडी आहे की बाई, याचा त्यात प्रश्नच येत नाही.

मुलांना शिकवताना

ताई, आता तुमच्यासाठी. सातवीपर्यंतचे शिक्षण या कामाला पुरेसे आहे. मूठभर चिंचोके आणि काही रिकाम्या काड्यापेट्या घ्या. प्रत्येक पेटीत सारखेच चिंचोके घाला, पण किती ते मुलीला सांगू नका. एक पेटी म्हणजे एक वाटा. एकीकडे तीन पेट्या आणि दुसरीकडे एक मांडा. हे ३:१ झाले. मग एका बाजूचे काही चिंचोके दुसरीकडे न्या आणि विचारा, "काय बदलले? काय तसेच राहिले?" बदललेले मूल लगेच सांगते. तसेच राहिलेले सांगायला वेळ लागतो. तेवढा वेळ तिला द्या. उत्तर आपण सांगून टाकू नये.

रोज एक गणित पुरे. भाकरी थापताना तोंडी विचारले तरी चालेल. गणित वाचून झाले की आकडे लिहिण्याआधी एक ओळ लिहायची सवय लावा : "यात अमुक बदलले नाही." ती ओळ बरोबर आली की अर्धे गणित सुटले.

घरी करून पाहा

१. कोंबड्या आणि कोंबडे यांचे गुणोत्तर ६:१ आहे. ८ कोंबडे विकल्यावर ते १०:१ झाले. कोंबड्या किती?

२. ग्रामसभेत पुरुष आणि स्त्रिया ५:३ होते. आणखी २० स्त्रिया आल्या, तेव्हा ५:४ झाले. सभेत आधी एकूण किती माणसे होती?

३. दोन बचत गटांतील सभासद ५:३ आहेत. मोठ्या गटातील ६ जणी लहान गटात गेल्या, तेव्हा दोन्ही गट सारखे झाले. प्रत्येक गटात आधी किती जणी होत्या?

४. सारख्या मापाच्या १८ जनावरांना ६० दिवसांचा चारा आहे. २० दिवसांनी ६ जनावरे विकली. उरलेला चारा पुढे किती दिवस पुरेल?

उत्तरे : (१) १२० कोंबड्या. (२) १६०. (३) ३० आणि १८. (४) ६० दिवस.

चौथ्या गणितात ४० दिवसांचा उरलेला चारा ६० दिवस कसा पुरला, हे घरातल्या मोठ्यांनी मुलांकडून समजावून घ्यावे. मूल समजावून सांगू लागले की त्याला गणित आले, असे खुशाल धरा.

कोणाचे उत्तर वेगळे आले, तर मांडणीसह पत्र पाठवा. नुसते उत्तर नको. कोणती गोष्ट तशीच राहिली असे तुम्ही धरले, ते जरूर लिहा. पुढच्या वेळी फवारणीच्या पंपात औषध आणि पाणी यांचे प्रमाण पाहू.